शिफ्टच्या कामात दिवसभर देवाच्या सहवासात कसं राहता? मदत हवी आहे

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. मी बुटीबोरी एमआयडीसीत पॅकिंग लाइनवर काम करते, शिफ्ट दर आठवड्याला बदलते. उठल्यावर बायबलमधलं वचन वाचणं, प्रार्थना, हे नीट होतं. नागपूरहून कंपनीच्या बसमध्ये बसेपर्यंत प्रभू सोबत आहे असं मनापासून वाटतं. पण पट्टा सुरू झाला की खोकी, टेप, टार्गेट एवढंच डोक्यात उरतं, आणि त्याची आठवण येते ती थेट घरी परतल्यावर. मला तो दिवसभर सोबत हवा आहे.

फोन आत नेता येत नाही, त्यामुळे अलार्म किंवा ऑडिओ बायबल जमणार नाही. खिशात वचनाची चिठ्ठी ठेवून पाहिली, पण हातमोजे असल्यावर ती काढणार कशी? बायबलमधल्या दानीएलासारखी दिवसातून तीनदा प्रार्थना (दानीएल 6:10) ठरवली, तर नाइटच्या आठवड्यात सगळं विस्कटतं. राजाला उत्तर देण्याआधी नहेम्याने तिथल्या तिथे केलेली प्रार्थना (नहेम्या 2:4) मला जास्त जवळची वाटते. तशा प्रार्थनेसाठी काम थांबवावं लागत नाही. म्हणून टेपचा रोल बदलताना स्तोत्र 23 मधली पहिली ओळ मनात म्हणते. एवढं एकच टिकलंय, पण आता ओठ म्हणतात आणि मन दुसरीकडे असतं.

मशीनवर, वॉर्डात किंवा गाडीवर काम करणाऱ्या ताई-दादांनी कृपया सांगा: तुम्ही एकच ओळ धरून ठेवता की बदलत राहता? आणि नाइट करून सकाळी घरी आल्यावर प्रार्थनेला झोपेआधी बसता की उठल्यावर?