‘रोबस्ट’ला मजबूत म्हणावं का?

प्रश्न : नियंत्रणशास्त्रावरच्या प्रबंधाचा सारांश मराठीत करतेय. ‘अनिश्चित, परस्परसंलग्न, कालविलंबी प्रणालींचे मजबूत विकेंद्रित नियंत्रण’ एवढ्यावर अडलेय. इंग्रजी ‘रोबस्ट’साठी ‘मजबूत’ खटकतंय.

उत्तर : ताई, खटकायलाच हवं. मजबूत असतो कडीकोयंडा. इथे म्हणायचंय ते असं, की गणितात धरलेले आकडे थोडे चुकले तरी व्यवस्था बिथरत नाही, तग धरते. मी ‘तगाऊ’ म्हणतो. टिकणे-टिकाऊ, तसं तगणे-तगाऊ.

‘अनिश्चित प्रणाली’ही फसवं आहे. प्रणाली जागच्या जागी असते, आपल्यालाच ती पुरती ठाऊक नसते. आणि ‘कालविलंब’ म्हणजे पिवळं पीतांबर! विलंब काळाचाच असतो, नुसता ‘विलंब’ पुरे.

‘विकेंद्रित’ मात्र ठेवा. विजेचं ग्रीड, म्हणजे वीजकेंद्रांना जोडणारं तारांचं जाळं बघा. कोयनेच्या जनित्राचा गव्हर्नर (वेग सांभाळणारं यंत्र) फक्त आपल्या जनित्राच्या फिरण्याचा वेग बघतो. वेग मंदावून विजेची वारंवारता 50 हर्ट्झखाली घसरली की पाणी वाढवतो, दुसऱ्या केंद्राला विचारायला जात नाही. पण ग्रीडमधली सगळी जनित्रं एकाच ठेक्यात बांधलेली. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर 765 केव्ही (किलोव्होल्ट) वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रीडही त्याच ठेक्यात आलं. हे गव्हर्नर शेजाऱ्याशी बोलून ठरवत असते, तर मी ‘वितरित’ म्हटलं असतं.

विलंबाची गंमत जलविद्युत केंद्रात दिसते. टर्बाइनचं दार जास्त उघडलं तरी नळातलं पाणी लगेच वेग घेत नाही. पहिल्या क्षणी दाब पडून शक्ती उलट किंचित घटते. गव्हर्नर उतावळा असेल तर ‘अजून कमीच!’ म्हणून आणखी उघडेल, आणि मग सगळं हेलकावे खाऊ लागेल.

आणखी एक : आमच्याकडे गच्चीवर एक सोलर आणि खाली दोन न्हाणीघरं. मी गरम वाढवलं की तिकडे भाऊ गारठतो, तोही वाढवतो. पाणी पोचायला वेळ, तोवर दोघांनीही नळ जास्त पिळलेला, मग दोघंही भाजतो. विकेंद्रित आहे, तगाऊ नाही.

एक वाचक : पण काका, ‘तगाऊ’ वाचून मला शेतकऱ्याची तगाई (सरकारी कर्ज) आठवली. ‘चिवट’ का नको?

उत्तर : चिवट खोकला असतो रे.

प्रश्नकर्ती : ‘काल’ खोडला. ‘मजबूत’च्या जागी ‘तग धरणारे’ लिहिलंय. ‘तगाऊ’ आमच्या मार्गदर्शकांच्या गळी उतरणार नाही.