नाशिकच्या पुढे काही नाही म्हणे!

पांझराकाठचा
काल सोसायटीच्या ग्रुपवर एकाने 'महाराष्ट्रात एकदा तरी पाहावीत अशी दहा ठिकाणं' टाकली. तारकर्ली, गणपतीपुळे, अलिबाग, महाबळेश्वर, लोणावळा, माथेरान, रायगड, कास, ताडोबा, अजिंठा-वेरूळ. इथपर्यंत ठीक. खाली तळटीप होती, 'उत्तरेकडे नाशिकच्या पुढे विशेष काही नाही, ऊन मात्र भरपूर.' उत्तर लिहायला बसलो तर ते इतकं लांबलं की बायको म्हणाली, तिथे नका भांडू, पार्किंगचं भांडण अजून मिटायचंय. म्हणून इथे, या फोरमवर.

लोणावळा आणि माथेरान दोन्ही यादीत, म्हणजे मुंबईकराच्या शनिवार-रविवारला महाराष्ट्र म्हणायचं. आमच्या खान्देशातलं, म्हणजे धुळे-नंदुरबार-जळगावकडचं, पाटणादेवी घ्या. चाळीसगावपासून जवळ, डोंगराच्या कुशीत यादवकाळातलं देऊळ. तिथल्या शके ११२८ च्या शिलालेखात लिहिलंय की भास्कराचार्यांच्या नातवाने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. आजोबांच्या गणितासाठी नातवाने काढलेली शाळा! तुमच्या कुठल्या 'पॉइंट'ला असली गोष्ट आहे? चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावरचं मंदिर पाहा. तोरणमाळचा यशवंत तलाव पाहा. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडेबाजार पाहा. चाळीसगाव स्टेशनजवळ केकी मूस यांचं घर आहे. हा माणूस वर्षानुवर्षं उंबऱ्याबाहेर पडला नाही म्हणतात, आणि घरात बसून काढलेल्या फोटोंना जगभरातून बक्षिसं आली. आणि म्हणे विशेष काही नाही.

पुण्यातला जळगावकर
भाऊ, रागवू नका, पण यादीवाल्याचं पन्नास टक्के बरोबर आहे. माझा जन्म, शाळा, कॉलेज सगळं जळगावचं. अजिंठा पहिल्यांदा कधी पाहिला? चौतिसाव्या वर्षी. ऑफिसात जपानहून पाहुणे आले होते, त्यांना दाखवायला. ते एक नंबरच्या लेण्यात पद्मपाणीसमोर हलायला तयार नव्हते, आणि मी बाहेर माकडांपासून डबा वाचवत होतो. घरापासून साठ किलोमीटर! आणि आमची दिवाळीची सहल दरवर्षी कुठे? महाबळेश्वर. आपणच जात नाही, मग यादीवाल्याला शिव्या कशाला?

तोरणमाळचंही सांगतो. सासू-सासऱ्यांना पावसाळ्यात हौसेने नेलं. सातपायरी घाट, धुकं, तळं, सगळं सुंदर, मान्य. जेवायचं विचारलं तर उत्तर आलं, सकाळी सांगायला हवं होतं. सासूबाईंना धड बाथरूम मिळेना. परतताना शहाद्यापर्यंत गाडीत कोणी बोललं नाही. मग सासरेबुवा म्हणाले, "जावईबापू, पुढच्या वेळी सापुतारा."

पांझराकाठचा
तेच तर दुखणं आहे! सापुताऱ्याहून तोरणमाळ उंच. तळं दोन्हीकडे. पण गुजरातने सापुताऱ्याला रोप-वे, बोटी, हॉटेलं, पावसाळी महोत्सव असं सगळं केलं आणि आपल्याकडे 'सकाळी सांगायला हवं होतं'. धुळ्याच्या, मालेगावच्या गाड्या सुट्टी लागली की सापुताऱ्याला. आपला पैसा गुजरातच्या डांग जिल्ह्यात.

सातपुड्याची पोर
मी नंदुरबारची, मामाचं गाव धडगावकडे. सकाळी सांगायला हवं होतं हे बरोबरच आहे. वर भाजी शहाद्याहून चढते, तुम्ही येणार म्हणून कोणी रोज दहा माणसांचं जेवण शिजवून ठेवत नाही. आमच्या कॉलेजच्या सहलीत एका मैत्रिणीला असाच त्रास झाला. आम्ही सरळ एका पावरा आदिवासी कुटुंबाच्या दारात गेलो. त्या आजींनी पाणी दिलं, भाकरी दिली, पैसे घेतले नाहीत. तुमच्या सासूबाईंना दार ठोठावायला कोणी सुचवलं नाही का?

आणि 'सापुतारा करा' म्हणणाऱ्यांनी आधी सांगावं, हॉटेलं कोणाची असतील? जमिनी कोणाच्या जातील? तिथला पोरगा मालक होणार की वेटर? महाशिवरात्रीला गोरखनाथाच्या यात्रेला माणसं पायी चढतात. तेवढी गर्दी तो डोंगर ओळखतो. बाकीची नको.

देवबागवाला
ताई, टाळ्या. खान्देशकरांनो, गर्दी हवी असेल तर आमची घेऊन जा, भाडं आम्ही देतो. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा झाला तेव्हा आम्हीही नाचलो होतो. आमचं तारकर्लीशेजारचं देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे चिंचोळी पट्टी. त्या पट्टीवर आता खोल्यांवर खोल्या. दर पावसाळ्यात समुद्र किनारा खातो, आणि मे महिन्यात विहिरी तळाला जातात तेव्हा पाहुणा विचारतो, शॉवरला प्रेशर का नाही. माझ्या आईने एका कुटुंबाला सोलकढी दिली तर पहिला प्रश्न, "ही एक्स्ट्रा आहे का?" दुसरा, "पनीर मिळेल?" ती बाई पहाटे उठून नारळ खवत होती.

सिंधुदुर्ग किल्ल्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, चहूबाजूंनी खारं पाणी असताना. लोक तिथे काय विचारतात? परतीची बोट किती वाजता.

पांझराकाठचा
देवबागवाले, भरल्या पोटी उपवासाचे फायदे सांगणं सोपं असतं. तुमच्या खोल्या दिवाळीत भरतात म्हणून तुम्ही कंटाळलात. आमच्याकडचा पोरगा सुरतेला नाहीतर पुण्याला कंपनीत जातो, कंटाळायचीही सोय नाही.

देवबागवाला
आमचा पोरगा मुंबईला जातो. खोल्या सांभाळायला आई आणि मी. हिशेब करा.

बागलाणी
यादीवर चर्चा चाललीय आणि साल्हेरचं नाव कोणीच काढत नाही? जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात साल्हेर आहे. १५६७ मीटर, कळसूबाईखालोखाल. १६७२ मध्ये उघड्या मैदानात मोगलांना हरवलं ते इथे. आम्ही घरात अहिराणी बोलतो, लग्नं धुळ्यात जुळतात. मग साल्हेर खान्देशचं नाही का?

शुद्धलेखक
बागलाण नाशिक जिल्ह्यात आहे. विषय 'नाशिकच्या पुढे' असा असल्याने साल्हेर मोजायचं की नाही हे आधी ठरवा. बाकी 'खान्देश' हाच शब्द बरोबर, 'खानदेश' लिहू नये.

बागलाणी
१८६९ साली नाशिक जिल्हा केला तेव्हा बागलाण, मालेगाव, नांदगाव खान्देशातून काढून तिकडे जोडले. साहेबाने रेघ ओढली म्हणून आम्ही घाटी झालो का? तुम्हनी रेघ तुम्हलेच ऱ्हाऊ द्या.

शुद्धलेखक
मग खान्देशच्या फारुकी सुलतानांपासून धरा. त्यांची राजधानी बऱ्हाणपूर. असीरगड १६०१ मध्ये अकबराने घेतला. तेही खान्देशच. मध्य प्रदेशाला पत्र लिहू या?

पांझराकाठचा
लिहा. चेष्टेत म्हणालात, पण भुसावळहून गाडीत बसलं की बऱ्हाणपूर हाकेवर. आमच्या आजोबांच्या पिढीला ते परराज्य वाटायचंच नाही.

सिल्लोडकर
मघापासून वाचतोय. जळगावकरांनी अजिंठा बोलता बोलता खिशात घातला, कोणी हरकतही घेतली नाही. अजिंठा लेणी सोयगाव तालुक्यात, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात. निजामाकडे होती, तुमच्या खान्देश जिल्ह्यात कधीच नव्हती. पितळखोऱ्याच्या लेण्यांचंही तेच. चाळीसगावहून जाता म्हणून ते तुमचं होत नाही, तालुका कन्नड.

पुण्यातला जळगावकर
खिशात कसा घालणार, फर्दापूरच्या टी-पॉइंटला तुम्ही आमची गाडीसुद्धा थांबवता आणि बसमध्ये बसवता. पण रेल्वेने येणारा माणूस उतरतो कुठे? जळगावला. रिक्षा कोणाची, लॉज कोणाचं, शेवभाजी कोणाची?

सिल्लोडकर
आणि उरलेला रस्ता? दोन-तीन वर्षं खणून ठेवला होता तेव्हा माझ्या बहिणीला बाळंतपणासाठी त्याच रस्त्याने जळगावला नेलं. साठ किलोमीटरला तीन तास. पर्यटनाच्या गप्पा नंतर. त्या रात्री ती कण्हत होती आणि ड्रायव्हर खड्डे मोजत होता. बाळ ठीक आहे, आता शाळेत जातं. पण मला कोणी 'अजिंठ्याचा विकास' म्हटलं की तोच आवाज आठवतो.

पांझराकाठचा
यावर काही बोलत नाही, भाऊ.

सातपुड्याची पोर
बघा ना, खान्देशचं म्हणून जे जे सांगितलं, त्यातलं निम्मं कुंपणापलीकडे. अजिंठा-पितळखोरा मराठवाड्यात, साल्हेर नाशकात, असीरगड मध्य प्रदेशात, आणि सासरेबुवांचा सापुतारा गुजरातमध्ये. कुंपणं ओढणाऱ्याने चांगलं ते नेमकं बाहेर ठेवलंय.

सिल्लोडकर
पोटात होतं ते लिहिलं, वाईट वाटून घेऊ नका. एक मात्र देतो तुम्हाला. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यात आयुष्य घालवलेला मेजर रॉबर्ट गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे. त्याच्या प्रेयसीची, पारोची, कबर आमच्या अजिंठा गावात. अर्धी गोष्ट तुमची.

पुण्यातला जळगावकर
भुसावळला? माझी आत्या तिथे चाळीस वर्षं राहिली. कधी ऐकलं नाही.

सातपुड्याची पोर
म्हणजे चौतिसाव्या वर्षानंतरही काही पाहायचं शिल्लक आहे.

शुद्धलेखक
मूळ प्रश्न दहा ठिकाणांचा होता. यादीतून काय काढायचं आणि काय घालायचं, याचं उत्तर इतक्या प्रतिसादांत नाही.

पांझराकाठचा
देतो की. लोणावळा काढा, पाटणादेवी घाला. माथेरान राहू द्या, तिथे गाड्या नेता येत नाहीत हे एक चांगलं आहे. महाबळेश्वर नावापुरतं ठेवा, नाहीतर आमचेच लोक दिवाळीत जायचे कुठे. तोरणमाळ मी आता घालत नाही, ताईंमुळे. घालायचंच तर 'फोन करून जा' असं लिहून.

पुण्यातला जळगावकर
आणि उन्हाचं? तळटीपेतलं ते अर्धं वाक्य तरी खरं की नाही? मे महिन्यात चव्वेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीत चांगदेवच्या दगडी फरशीवर अनवाणी उभं राहून दाखवा.

पांझराकाठचा
थंडीत या. मे महिन्यात आम्ही स्वतःही घराबाहेर निघत नाही. (आता एक कबूल करायचंय. हे लिहीत असताना बायकोने तारकर्लीचं बुकिंग केलंय. सातशेच्या वर किलोमीटर. पोरांनी समुद्र पाहिलेला नाही. देवबागवाले, हसू नका.)

देवबागवाला
हसत नाही. खोली कोणाकडे घेतली? आईला सांगतो पनीर आणून ठेव.

पांझराकाठचा
पनीर नको. भरताची वांगी आणतो आमच्याकडची, भाजून घेऊ. तुमच्याकडे चूल आहे ना?

देवबागवाला
चूल आहे. सोलकढी एक्स्ट्रा नाही.

नवा सभासद
सगळे प्रतिसाद वाचले नाहीत. पुढच्या महिन्यात नंदुरबारला लग्नाला जातोय. जवळपास एखादा चांगला बीच आहे का?

सातपुड्याची पोर
आहे की, डुमसला. गुजरातमध्ये.