खांद्याचं ऑपरेशन झालंय, पण जिम पूर्ण सोडायची नाहीये

बेंचवाला

उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं, दुर्बिणीतून. रोटेटर कफमधला, म्हणजे खांदा धरून ठेवणाऱ्या चार स्नायूंपैकी, सुप्रास्पायनॅटस फाटला होता, तो हाडात अँकर (दोरा धरून ठेवणारा छोटा खिळा) बसवून परत शिवलाय. तिसरा आठवडा चालू आहे. टाके निघाले, जखमा कोरड्या आहेत. हात झोळीत, काखेत ती जाडजूड उशी, रात्री अर्धवट बसून झोप. सहा आठवडे हे असंच.

सर्जनना विचारलं, जिमला जाऊ का? म्हणाले, "पायांचं करा, चाला, खांद्याला काही होऊ देऊ नका." तेवढ्यात पुढचा पेशंट आत आलासुद्धा. आता खांद्याला काही होऊ द्यायचं नाही म्हणजे नेमकं काय? इतकी वर्षं जिममध्ये जातोय आणि तिथे हात न लावता करता येईल अशी एक गोष्ट मला आठवत नाहीये. दार ढकलण्यापासून सुरुवात.

ट्रेनर म्हणतो ये, लेग प्रेस (पायांनी वजन ढकलायचं मशीन) मारू. बायको म्हणते, घराबाहेर पाऊल टाकून दाखव. दोघांपैकी कोणाचं ऐकू?

शिवाय, फक्त डाव्या हाताचा व्यायाम केला तर एक बाजू पैलवानाची आणि दुसरी पेशंटची असं होईल ना? उजवा दंड आत्ताच बाहीत सैल दिसायला लागलाय. आणि हालचाल कमी झालीय म्हणून खाणं कमी करावं का? ज्यांनी यातून काढलंय त्यांनी सांगा. "डॉक्टरांना विचारा" हे उत्तर मला पाठ आहे.

हळूहळू

सहा आठवडे नाही गेलात तर जिम पळून जाणार नाही. चाला की रोज तासभर.

बेंचवाला

चालतोच आहे हो. पण चालून पाय राहतील, डोकं राहणार नाही.

एकहाती

माझा डावा खांदा, हेच ऑपरेशन, काही वर्षांपूर्वी. टाके निघाल्यावर परवानगी घेऊन मी जिमला जायला लागलो होतो, त्यामुळे वहिनींबद्दल आदर ठेवून सांगतो: त्या निम्म्या बरोबर आहेत. लेग प्रेस धोक्याची नाही. लेग प्रेसवर बसणं आणि तिच्यावरून उठणं धोक्याचं आहे.

बहुतेक लोक यादी मागतात, कुठला व्यायाम चालेल, कुठला नाही. यादी सोपी आहे. खरा गोंधळ दोन व्यायामांच्या मधे होतो. मशीनचं वजन ठरवायची पिन बदलायला हात जातो. सीट मागे सरकवायचा खटका नेमका उजवीकडे असतो. बाटलीचं झाकण उघडायला दुसरा हात लागतो. टॉवेल खांद्यावरून घसरला की तो झेलायला हात आपोआप सुटतो. तुमचा उजवा हात म्हणजे सवयीचा हात, तो तुम्हाला विचारून हलणार नाही. त्यामुळे झोळी जिममध्ये एका सेटपुरतीही काढायची नाही. "आता काय, बसूनच तर करायचंय" म्हणून लोक काढतात. झोळी आधारासाठी आहेच, पण हाताला आठवण करून द्यायलाही आहे.

आता लेग प्रेसचंच घ्या. पाठ टेकलेली, पाय प्लेटवर, सगळं सुरक्षित. सुरुवातीच्या रेप्स, म्हणजे आवर्तनं, हलक्या जातात. शेवटच्या दोन-तीन जड जायला लागल्या की बघा काय होतं: दोन्ही बाजूंच्या मुठी घट्ट आवळल्या जातात. झोळीतल्या हाताचीसुद्धा मूठ वळते, कोपर अंगाला दाबलं जातं, खांदा कानाकडे चढतो. म्हणजे पायांचा सेट मारताना शिवलेला खांदाही ताणात येतो. म्हणून वजन असं निवडा की चेहरा वेडावाकडा होणार नाही. पंधरा-वीस रेप्स, श्वास सोडत, झोळीतली बोटं सैल आहेत ना इकडे लक्ष. बोटं वळली की सेट संपला, मग पायात कितीही दम असो. सेफ्टीचा खटका डाव्या हाताला येतो का तेही आधी बघून घ्या. काही मशीनला तो एकाच बाजूला असतो. उजवीकडेच असेल तर कोणीतरी शेजारी उभं हवं, नाहीतर ते मशीन तुमचं नाही.

लेग एक्स्टेंशन, बसून करायचं लेग कर्ल, मांड्या आत-बाहेर दाबायचं मशीन, हे सगळं चालतं. पोटावर झोपून करायचं लेग कर्ल नाही, तिथे खांद्यावर भार येतो. सायकल पाठ टेकून बसायचीच घ्या. उभ्या सायकलवर दमलं की माणूस हँडलवर रेलतोच. ट्रेडमिलवर चढ वाढवून चाला, वेग नको. धावणं तर अजिबातच नको, प्रत्येक पावलाला खांद्याला झटका बसतो आणि तोल गेला तर आधाराला तुम्ही नेमका तोच हात पुढे करणार. पडलात तर ट्रेडमिल थांबवणारी ती लाल दोरीची क्लिप, जी कोणीच लावत नाही, ती लावा.

जमिनीवरचं सगळं बाद. पोटाचे व्यायाम झोपून करता येतील असं वाटतं आणि करताही येतात, पण उठताना काय कराल? एका हाताने उठायला गेलात की दुसरा मदतीला धावतो. बाकावरून उठतानासुद्धा आधी पाय जमिनीवर घट्ट, मग पुढे वाकून, पायांच्या जोरावर. घरी खुर्चीवर याचा सराव करून मगच जिमला जा.

गर्दीच्या वेळी जाऊ नका. वजन तुम्ही उचलत नसलात तरी दुसरे उचलत असतात, आणि बार घेऊन वळणारा माणूस मागे बघत नाही. मी डावी बाजू कायम भिंतीकडे ठेवायचो. लोकांना तुसडेपणा वाटला असेल, वाटू दे. प्लेट लावायला-काढायला मदत मागा. जिममधल्या लोकांना कोणी मदत मागितलेली फार आवडते, सल्ल्यांचा पाऊस पडतो तेवढा सोसायचा.

बेंचवाला

मुठी आवळण्याचं वाचून आत्ता खुर्चीवरून उठून पाहिलं. खरंच वळली हो बोटं! एक विचारायचं राहिलं: डेडलिफ्ट (वाकून जमिनीवरचं वजन उचलत उभं राहणं) हलक्या वजनाने, फक्त डाव्या हातात डंबेल घेऊन? आणि वजनाचं जॅकेट घालून पायऱ्या चढू का?

एकहाती

डावा हात कितीही सुटा असला तरी डंबेल घेऊन पुढे वाकलात की झोळीतला हात लोंबायला लागतो आणि तोल सांभाळायला खांदा धडपडतो. पुढेसुद्धा, झोळी सुटल्यावर, लोकांना डेडलिफ्ट निरुपद्रवी वाटते, कारण हात सरळ असतो. पण तेव्हा सगळं वजन खांद्याला खाली ओढत असतं. ती शेवटच्या टप्प्यात येते. जॅकेटचे पट्टे बरोबर खांद्यावर बसतात, म्हणून तेही नको. पाठीवरची सॅकसुद्धा सध्या विसरा. वजनच हवं असेल आणि तुमच्या जिममध्ये बेल्ट स्क्वॉट असेल, तर झोळी सुटल्यावर ते बघा. त्यात भार कमरेवर येतो. मात्र पट्टा अडकवायला माणूस लागेल. बार मानेवर घेऊन स्क्वॉट करायला हात मागे आणि बाहेर वळवावा लागतो, ते बरेच महिने लांब आहे.

सांध्यांवर_बोलू_काही

मी फिजिओथेरपिस्ट आहे. एकहाती यांनी जिमची बाजू इतकी छान सांगितलीय की मी फक्त आतलं सांगते.

शिवलेला टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा, सुरुवातीचे आठवडे दोऱ्यांवर आणि अँकरवर टिकून असतो. हाडाशी तो हळूहळू जुळतो. पहिले सहा आठवडे साधारणपणे हात स्वतः उचलायचा नसतो, दुसऱ्याने किंवा दुसऱ्या हाताने हलवायचा, तोही सांगितलं असेल तेवढाच. त्यानंतर आधाराने आणि मग आपल्या जोरावर हालचाल. ताकदीचे व्यायाम, म्हणजे रबर बँड वगैरे, सर्वसाधारणपणे बाराव्या आठवड्यापासून पुढे. जड वजनं सहा महिन्यांच्या आसपास किंवा त्याहून उशिरा. फाटलेला भाग मोठा असेल तर हे सगळं आणखी पुढे सरकतं.

यात एक फसवा काळ आहे आणि जिमवाले नेमके तिथेच सापडतात. दुखणं टेंडन जुळायच्या खूप आधी कमी होतं. सातव्या-आठव्या आठवड्यात झोळी सुटलेली असते, रात्री झोप लागते, हात वर जातो, आणि माणसाला वाटतं झालं. टेंडनला ते माहीत नसतं. शिवण परत सुटण्याचे बहुतेक प्रसंग पहिल्या सहा महिन्यांतले असतात. त्यामुळे "दुखत नाही" हा वजन वाढवायचा निकष धरू नका.

डाव्या हाताबद्दल तुमची भीती उलटी आहे. एका हाताला व्यायाम दिला की दुसऱ्याची ताकदही थोडी वाढते. येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे १८९४ मध्येच नोंदवलं होतं. स्नायू वाढत नाही, मेंदूकडून स्नायूला जाणारा हुकूम सुधारतो. नंतरच्या अभ्यासांत ही वाढ सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास दिसलीय. दिसायला फार नाही, पण बांधून ठेवलेल्या हाताची ताकद कमी घटावी म्हणून एवढाही आधार उपयोगी पडतो. तेव्हा डावा हात जरूर वापरा, पण पाठ टेकून, मशीनवर किंवा केबलवर, एका हाताने होणारे प्रकार. जोर लावून धडपडायचं नाही, कारण मग बोटं वळण्याचाच प्रश्न परत येतो. सैल बाहीचं म्हणाल तर दंड भरायला वेळ लागतो, पण भरतो.

उजव्या हातालाही काम आहे. परवानगी असेल तर बोटं, मनगट, कोपर हलवणं, मऊ चेंडू हलकेच दाबणं. पण इथेच तुमच्या ऑपरेशनचा कागद काढून बघा. खांद्याबरोबर बायसेप्सचा टेंडनही सोडवून दुसरीकडे बसवला असेल, आणि हे बऱ्याचदा एकाच भुलीत उरकतात, तर कोपर जोर लावून वाकवणं काही आठवडे बंद असतं. खांद्याच्या पुढच्या बाजूचा स्नायू, सबस्कॅप्युलॅरिस, शिवला असेल तर हात बाहेर वळवण्यावर मर्यादा येते. "खांद्याचं ऑपरेशन" हे एकच नाव असलं तरी आत चार स्नायू आहेत, आणि नियम त्यांच्यापैकी कोणाला शिवलंय त्याप्रमाणे बदलतात. पुढच्या भेटीत "जिमला जाऊ का" असं विचारू नका. काय काय शिवलंय, फाटलेला भाग केवढा होता आणि कोपर वाकवायची परवानगी आहे का, हे विचारा. अशा प्रश्नाला नेमकं उत्तर मिळतं, पुढचा पेशंट आत आला तरी.

खाणं कमी करू नका. भरून यायला शरीराला सामान लागतं. शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण दीड ग्रॅम प्रथिनं धरा, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र आधी विचारून. दोन किलो वाढले तर वाढू देत. सिगारेट असेल तर ती आधी बंद, टेंडन जुळायला ती खरंच आडवी येते. आणि गुंगी आणणाऱ्या वेदनाशामक गोळ्या चालू असतील तोवर जिम नाही. दुखणं दबलेलं असतं आणि तोलही जातो.

ताप, जखमेतून पाणी येणं, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, किंवा खांद्यात "टक्" होऊन हात अचानक निकामी वाटणं, यातलं काहीही झालं तर इथे लिहीत बसू नका, थेट दवाखाना. दम लागला किंवा छातीत दुखलं तर तातडीने.

कडेवरची_कविता

माझं लॅब्रमचं, म्हणजे खांद्याच्या खोबणीच्या कडेचं, ऑपरेशन झालंय, खांदा सारखा निखळायचा. माझे नियम वेगळे होते. हात बाहेर वळवायचा नाही यावर सगळा जोर, कारण त्याच कोनात तो निखळतो. तेव्हा कोणाची यादी कोणी जशीच्या तशी उचलू नका, माझीही नाही.

एक बारीकसं. घाम. झोळीच्या आत काखेची कातडी ओली राहून सोलवटते, आणि त्याचा त्रास मला खांद्यापेक्षा जास्त झाला. शिकवलंय तसं पुढे किंचित वाकून हात लोंबता ठेवायचा आणि काख पुसून पूर्ण कोरडी करायची, जिमहून आल्या आल्या. झोळीचे दोन संच असतील तर एक धुवायला पडतो. बटणाचे सैल शर्ट घाला, आधी दुखरा हात आत, काढताना तो शेवटी. जिमचे घट्ट टी-शर्ट डोक्यावरून काढायला जाऊ नका.

हळूहळू

एवढं सगळं वाचून मला चालायला जाणंच बरं वाटतंय. पण मुठीचं पटलं.

बेंचवाला

सगळ्यांचे आभार. कागद काढला. बायसेप्सला हात लावलेला नाही, फक्त सुप्रास्पायनॅटस. बायकोला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली ठीक आहे, पण दुपारी जायचं, आणि पहिल्या दिवशी ती बरोबर येणार, भिंतीची बाजू बघायला.

शेवटचा प्रश्न: पोटऱ्यांसाठी ते उभ्याने करायचं मशीन असतं ना, खांद्यावर गाद्या टेकवून? त्यात हात लागतच नाहीत.

एकहाती

हात लागत नाहीत, पण सगळं वजन खांद्यावर येतं. बसून करायचं घ्या, त्यात ते गुडघ्यांवर येतं. ते नसेल तर लेग प्रेसवरच, पायाचे चवडे प्लेटच्या खालच्या कडेला टेकवून. पण गुडघे किंचित वाकलेले ठेवा आणि सेफ्टीचा खटका पूर्ण उघडू नका.