शब्दचर्चा : 'ओफ्रेंदा'ला मराठीत काय म्हणावं?

रानजाई
आम्ही न्यू जर्सीत असतो. लेकीच्या शाळेत सातवीला स्पॅनिशच्या बाई आणि चित्रकलेचे सर मिळून एक प्रकल्प करताहेत. विषय मेक्सिकोचा 'दीआ दे मुएर्तोस', म्हणजे गेलेल्यांच्या आठवणीचे १ आणि २ नोव्हेंबर हे दोन दिवस. वर्गात तीन पायऱ्यांची ओफ्रेंदा मांडायची आहे. मुलं 'पापेल पिकादो'च्या पताका कापणार, कवट्या रंगवणार, क्रेप कागदाचे झेंडू करणार. प्रत्येक वस्तूपुढे स्पॅनिशमध्ये चिठ्ठी ठेवायची, आणि ज्यांच्या घरी वेगळी भाषा बोलतात त्यांनी त्या भाषेतही लिहायची. लेकीने 'ओफ्रेंदा = श्राद्ध' असं लिहून टाकलंय. मला ते खटकतंय. शब्दकोशात अर्पण, नैवेद्य, वेदी असे पर्याय दिसतात. कोणता घ्यावा?

लघुपाठ
श्राद्ध नको. श्राद्ध हा विधी झाला. त्याला तिथी लागते, कर्ता लागतो, पिंड आणि तर्पण लागतं. ओफ्रेंदा म्हणजे प्रत्यक्ष मांडलेली गोष्ट. तिच्यावर गेलेल्या माणसाचा फोटो, पाण्याचा पेला, मीठ, मेणबत्त्या, कोपालचा धूप, पान दे मुएर्तो हा गोडसर पाव, आणि त्या माणसाला जे आवडायचं ते. मग तो मोले (मिरच्या-मसाल्यांचा दाट रस्सा) असेल, तंबाखू असेल नाहीतर मेस्काल या दारूची बाटली. नैवेद्य देवाला दाखवतात आणि त्यात फक्त खाण्याच्या वस्तू येतात. वेदी म्हटलं की होम आठवतो. 'अर्पण' व्युत्पत्तीला सगळ्यांत जवळचं आहे, कारण मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच 'अर्पण करायच्या वस्तू' असा. पण मराठीत नुसतं 'अर्पण' वाचून डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही.

मी 'आरास' म्हणेन. गौरीपुढे आरास करतात तेव्हा पायऱ्या, फुलं, फराळ, दिवे सगळं त्या एका शब्दात येतं. 'गेलेल्यांसाठी मांडलेली आरास'.

सिंधुदुर्गकर
आमच्याकडे म्हाळ घालतात तेव्हा कावळ्याला वाडी दाखवतात. वाडीत त्या माणसाच्या आवडीचं हटकून वाढतात, अगदी वडे-सागोतीसुद्धा. भाव तोच आहे म्हणून 'वाडी' सुचवावंसं वाटतं. पण कोकणाबाहेर वाडी म्हणजे वस्ती किंवा बाग, त्यामुळे चिठ्ठीवर ते चालणार नाही हेही कळतं. आरास ठीक.

रानजाई
आरास आवडलं, घेते. आता पापेल पिकादो. 'कातरलेला कागद' लिहू का?

प्राजक्त
मी कागदकाम शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. 'पापेल' म्हणजे कागद. 'पिकार' या क्रियापदाचा अर्थ टोचणे, बारीक चिरणे. पुएब्ला राज्यातलं सान साल्वादोर उइस्कोलोत्ला हे गाव या कामासाठी प्रसिद्ध आहे. तिथले कारागीर कात्री वापरतच नाहीत. पातळ रंगीत कागदांची जाड थप्पी करतात, सगळ्यात वर नक्षीचा खर्डा, खाली शिशाचा पत्रा, आणि लहान-मोठ्या छिन्न्या हातोडीने ठोकून नक्षी पाडतात. गोल छिन्नीने ठिपके, वाकड्या छिन्नीने पाकळ्या. छिन्नी खालपर्यंत जाऊन शिशात रुतते म्हणून तळाच्या कागदाची कडही स्वच्छ येते. एका बैठकीत अख्ख्या थप्पीच्या पताका तयार. तेव्हा खऱ्या पापेल पिकादोला 'कातरकाम' म्हणणं चूक, 'कोरीव पताका' बरोबर.

शाळेत मुलांच्या हाती छिन्नी देणार नाहीत. ती घड्या घालून कात्रीनेच करतील, आणि त्याला कातरकाम हाच शब्द योग्य. दोन्ही लिहा ना: 'कोरीव कागदी पताका (आम्ही कात्रीने केल्या)'. कागद मात्र पतंगाचा घ्या. घोटीव कागद चार घड्यांनंतर कात्रीला दाद देत नाही.

लघुपाठ
झेंडूबद्दल राहून गेलं. मेक्सिकोत त्याला 'सेंपासूचिल' म्हणतात. हा शब्द मुळात स्पॅनिश नाही, नाहुआत्ल या मेक्सिकोतल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला आहे: 'सेंपोवाल्ली' म्हणजे वीस, 'शोचित्ल' म्हणजे फूल. नाहुआत्लमध्ये मोजणी विसाच्या पटीत चालते, त्यामुळे 'वीस' म्हणजे इथे 'पुष्कळ'. आपल्या आज्या 'तीन विसा' म्हणायच्या, व्यापारात वीस नगांची 'कोडी' असायची, ते आठवा म्हणजे फुलाचं नाव लगेच उलगडतं. आणि दसऱ्याला आपण दाराला लावतो तो झेंडूही मूळचा मेक्सिकोकडचाच. चिठ्ठीत हे अवश्य लिहा. इथे ओढूनताणून नातं जोडावं लागत नाही, फूलच एक आहे.

रानजाई
हे तिला माहीतच नव्हतं! आता कवट्या. 'कालावेरा' म्हणजे कवटी, एवढं पुरेल? शिवाय एकीने टोपीवाली बाई काढली आहे, तिला आमच्या शेजारच्या आजी 'हाडळ' म्हणाल्या.

प्राजक्त
हाडळ अजिबात नको. हाडळ झपाटते, माणसं तिला भितात. ती टोपीवाली म्हणजे 'कातरीना'. होसे ग्वादालूपे पोसादा (१८५२–१९१३) या चित्रकाराने छापचित्रात फक्त पिसांच्या टोपीतली कवटी काढली होती. आपलं मूळ लपवून युरोपीय थाट मिरवणाऱ्यांची ती टर होती. दिएगो रिवेरा या मेक्सिकन चित्रकाराने पुढे १९४७ च्या भित्तिचित्रात तिला पूर्ण अंग आणि झगा दिला, आणि स्वतःला लहान मुलगा करून तिचा हात धरून उभं केलं. 'कातरीन' म्हणजे नटूनथटून हिंडणारा, छानछोकीचा माणूस. त्यामुळे 'छानछोकीतला बाईचा सांगाडा' असं लिहिता येईल. चित्रकलेच्या सरांनी मुलांना पोसादा दाखवला नसेल तर जरूर दाखवायला सांगा. नाहीतर मुलं नुसती फुलं-ठिपके रंगवतात आणि त्यामागची टीका हरवते.

'कालावेरा' हा शब्द त्या दिवसांतल्या यमकबद्ध टोमण्यांच्या कवितांनाही वापरतात. जिवंत माणसावरच 'याला मरणाने कसं गाठलं' अशा थाटात लिहितात. स्पॅनिशच्या बाईंना हे फार उपयोगी पडेल.

लघुपाठ
आणि साखरेच्या कवट्या असतील तर त्या कामाचं नाव 'आल्फेन्यीके'. तोलुका शहरात त्याची जत्रा भरते. शब्द स्पॅनिशमध्ये अरबीतून आला, अरबीत फारसीतून, आणि फारसीत संस्कृत 'फाणित'वरून. फाणित म्हणजे आटवलेला उसाचा रस, आपली काकवी. 'पान दे मुएर्तो'तलं 'पान' आणि पोर्तुगीजांकडून आलेला आपला 'पाव', हेही एकाच लॅटिन शब्दाचे वंशज.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. मुख्य चिठ्ठी अशी केली आहे: 'ओफ्रेंदा: गेलेल्या माणसांची आठवण म्हणून मांडलेली आरास. मेक्सिकोत या दिवसांत ती घरी येतात अशी समजूत आहे, म्हणून त्यांच्या आवडीचं वाढून ठेवतात.' सणाचं नाव 'मृतात्म्यांचा दिवस' लिहिलंय.

सिंधुदुर्गकर
छान झालीय. फक्त 'मृतात्मे' काढा, त्याने भुताखेतांची कथा वाटते. 'मुएर्तोस' हा रोजच्या वापरातला साधा शब्द आहे. 'मृतांचा दिवस' लिहा, नाहीतर मूळ नाव तसंच ठेवून खाली 'गेलेल्यांचा दिवस'. शिवाय 'समजूत'ऐवजी 'श्रद्धा' करा. तिच्या वर्गात मेक्सिकन घरांतली मुलंही असतील, आणि ही त्यांच्या घरची गोष्ट आहे.