नवा क्लाऊनफिश थेट रीफ टँकमध्ये? माझा ठाम विरोध

किनारा_ठाणे :
काल इथे एक पोस्ट आली: "ब्रीड केलेला क्लाऊन आणा, दोन तास ड्रिप द्या, दिवे घालवा, सोडून द्या. क्वारंटाइन हे परदेशी व्हिडिओ बघून डोक्यात शिरलेलं खूळ आहे." खाली 'एकदम बरोबर'ची रांग लागली आहे. नवीन मंडळी हे वाचून उद्या मासा आणतील, म्हणून सविस्तर लिहितो. क्वारंटाइन म्हणजे नवा मासा काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवणं, आणि रीफ टँक म्हणजे कोरल (प्रवाळ) असलेली खाऱ्या पाण्याची टाकी.

आधी ते दोन तासांचं ड्रिप, म्हणजे माशाच्या पाण्यात टाकीतलं पाणी थेंबथेंब सोडणं. बाहेरगावाहून पार्सलने आलेल्या माशाची घाण पिशवीतल्या पाण्यातच साठलेली असते. सोबत कार्बन डायऑक्साइडही साठतो, पीएच उतरतो, त्यामुळे अमोनिया बराचसा अमोनियम होऊन निरुपद्रवी पडून राहतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि अमोनियमचा परत विषारी अमोनिया होतो. त्या पाण्यात तुम्ही मासा दोन तास ठेवणार? बंद पिशवी वीसेक मिनिटं तरंगवून तापमान जुळवा. क्वारंटाइन टाकीची क्षारता (खारेपणा) आधीच दुकानदाराच्या पाण्याएवढी करून ठेवा. मासा काढा, पिशवीतलं पाणी बेसिनमध्ये ओता. टाकीची क्षारता मग हळूहळू वर न्या.

दुसरं, ब्रुकलिनेला, हा सूक्ष्म परजीवी. क्लाऊनला हा रोग इतका होतो की त्याला क्लाऊनफिश डिसीजच म्हणतात. अंगावर पांढरट बुळबुळीत थर, कल्ले धपापतात, मासा पंपाच्या तोंडाशी वरच्या वर राहतो, खाणं टाकलं तरी वळून बघत नाही. हा जीव माशाच्या अंगावरच दुभंगून वाढतो, दोन-तीन दिवसांत खेळ खलास. उपाय फॉर्मॅलिनचा, तोही वेगळ्या भांड्यात. इकवर (पांढरे ठिपके आणणारा परजीवी) कॉपर, म्हणजे तांब्याचं औषध, चालतं, पण रीफमध्ये कॉपर घातलं तर कोळंबी, गोगलगायी, कोरल सगळं जातं. आणि इक एकदा खडकांत शिरला की सगळे मासे बाहेर काढून टाकी रिकामी ठेवायची. आपल्यात रूढ आकडा 76 दिवसांचा. त्यापेक्षा चाळीस लिटरची वाळू-खडकांविना टाकी, सम्पमध्ये (मोठ्या टाकीखालच्या गाळणीच्या टाकीत) मुरवलेला स्पंज, हीटर आणि लपायला पीव्हीसीचा तुकडा, चार आठवडे. एवढं जमत नसेल तर मासा आणू नये.

रीफवाला_पिंपरी :
ती पोस्ट माझीच. 'जमत नसेल तर आणू नये' हे वाक्य बंगल्यात राहणाऱ्याने लिहावं. वन बीएचकेत मोठी टाकी, खाली सम्प, शेजारी पाणी थंड करणारा चिलर, वर इन्व्हर्टर. आता चाळीस लिटर कुठे ठेवू, देवघरात?

चाळीस लिटरमध्ये अमोनिया किती वेगाने चढतो तेही लिहा की! कॉपर घातलेल्या टाकीतला स्पंज नीट काम करत नाही, मासा खात नाही, टेस्ट किट सगळ्यांना परवडत नाही. क्वारंटाइनमध्ये मेलेले मासे मी मित्रांकडे बघितलेत. माझ्याकडे वर्षानुवर्षं थेट सोडलेली जोडी आहे, दिवाळीच्या सुमारास पहिल्यांदा अंडी घातली. हॅचरीत पैदास झालेला मासा समुद्राचं तोंड बघत नाही, रोग येणार कुठून?

किनारा_ठाणे :
दुकानातून. हॅचरीतलं पिल्लू दुकानात समुद्रातून पकडलेल्या टँग आणि डॅमसेल माशांच्या पाण्यातच पोहतं, सगळ्या टाक्या एकाच सम्पवर. तुमची जोडी वाचली याचा मला आनंद आहे. तो पुरावा नाही.

रत्नागिरीची_मासेवाली :
दोघंही औषधांवर भांडताय आणि मासा मरतो तो टाकीतल्या मादीच्या हातून. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलेय, घरी ओसेलॅरिस जातीचे क्लाऊन आहेत, म्हणून बोलते.

क्लाऊन जन्माला येतात ते नर म्हणून. गटात जो सगळ्यांत दांडगा, तो मादी होतो, आणि मादीचा परत नर होत नाही. एकटी उरलेली मादी असेल आणि तुम्ही तिच्याच मापाचा दुसरा आणलात, तर तो मादी झालेला असू शकतो. मग दोघींतली एकच उरते. माझ्या मावशीकडे हेच झालं. 'जोडीला शोभेल असा' म्हणून दुकानदाराने मोठा मासा दिला, सकाळी तो ओव्हरफ्लोच्या (टाकीतलं पाणी बाहेर पडतं त्या) कोपऱ्यात, शेपटीच्या नुसत्या काड्या उरलेल्या. मावशीने ती टाकीच विकून टाकली.

दुकानातला सगळ्यांत लहान मागा. भाजी धुवायची जाळीदार टोपली टाकीत तरंगवा, त्यात तो ठेवा. मादी जाळीवर धडका मारणं थांबवून नुसती बघायला लागली आणि लहानगा तिच्यापुढे आडवा होऊन थरथरायला लागला की सोडायला हरकत नाही. ती थरथर म्हणजे 'तू मोठी' असं कबूल करणं. अनेकजण त्याला रोग समजून घाबरतात.

किनारा_ठाणे :
टोपलीचा मुद्दा मान्य, ताई. पण टोपली क्वारंटाइननंतर. टाकीत टोपली तरंगवली म्हणजे पाणी एकच झालं.

नियमाने_चला :
मासे राहू द्या. किनारा, तुमच्या परवाच्या फोटोत डावीकडे फांद्यांचं निळसर कोरल दिसतं. ॲक्रोपोरा हे कठीण कोरल ना? वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 पासून सगळे रीफ बांधणारे कोरल आहेत. त्या अनुसूचीत वाघ आहे. नवशिक्यांना शिकवणी देण्याआधी ते कुठून आलं ते सांगा.

किनारा_ठाणे :
विषय क्लाऊनफिशचा आहे. ते आयात केलेलं आहे, बिल आहे.

नियमाने_चला :
दुकानाचं बिल म्हणजे परवाना नव्हे. कठीण कोरल सायटीसच्या (धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहेत, निर्यात करणाऱ्या देशाचा परवाना लागतो. कायद्यातली 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि अशा परदेशी जिवांची नोंद करायचे नियम 2024 मध्ये आले. ती नोंद केलीत का?

मी मालवणला वाढलो. लहानपणी वाळलेल्या प्रवाळाचे तुकडे पर्यटकांना विकताना बघितलेत. तोही गुन्हाच, मेलेला असला तरी. तुमचे 'लाइव्ह रॉक', म्हणजे जिवंत सूक्ष्मजीव असलेले समुद्री खडक, कुठून निघतात हे कुणीच विचारत नाही, म्हणून मी विचारतोय.

रीफवाला_पिंपरी :
शंभर टक्के सहमत. माझ्याकडे फक्त झोआ आणि मशरूम, म्हणजे रीफ न बांधणारे मऊ कोरल, म्हणून मला हे ऐकायला बरं वाटतंय हे कबूल करतो. पण म्हणून किनाऱ्याला गुन्हेगार ठरवू नका. नियम तरी कुठे एकाजागी राहतात? 2017 ला केंद्राने मत्स्यटाक्यांच्या दुकानांसाठी नियम काढले, 158 जातींची बंदीची यादी, त्यात क्लाऊनसुद्धा. पुढे मागे घेतले. मधल्या काळात लहान दुकानदार हवालदिल झाले होते.

नियमाने_चला :
ते नियम प्राण्यांवरची क्रूरता रोखण्याच्या कायद्याखालचे होते, हा वन्यजीव कायदा आहे. दोन्हींची खिचडी करू नका. क्लाऊन आज घरी ठेवायला हरकत नाही, दगडी प्रवाळ उचलायला आहे. एवढा फरक कळत नसेल तर बोलूच नये.

किनारा_ठाणे :
आवाज खाली. त्या कोरलची कागदपत्रं मी आयातदाराकडे मागतो, मिळाली नाहीत तर त्या माणसाकडून पुन्हा काही घेणार नाही. तुमचा प्रश्न योग्य आहे, विचारायची पद्धत नाही.

रत्नागिरीची_मासेवाली :
आणि म्हणूनच क्लाऊन घेताना हॅचरीचा मागा. तमिळनाडूत मंडपमला सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्था) आणि परंगीपेट्टईला अण्णामलाई विद्यापीठाने हे मासे पैदास करून दाखवलेत, ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातही हॅचरी आहे. दुकानदाराला 'कुठला?' विचारलं की बाजार बदलतो. रोगापुरतं किनारांचंच बरोबर. जागेपुरतं पिंपरीकरांचं.

नवखा_डोंबिवली :
माझी मादी मे महिन्यापासून एकटी आहे, वीज गेली तेव्हा नर गेला. घर लहान, दुसरी काचेची टाकी खरंच बसत नाही. काय करू?

रीफवाला_पिंपरी :
अन्नाला चालणारा प्लास्टिकचा मोठा डबा घ्या, झाकणासकट. पलंगाखाली बसतो. एअर पंप, हीटर, मोठ्या टाकीतल्या पाण्याने रोज थोडं पाणी बदलायचं. कॉपर मात्र मी घालणार नाही, नुसतं डोळ्यांनी बघेन, खातोय का, कल्ले कसे चालतात. लक्षण दिसलं तरच औषध.

किनारा_ठाणे :
म्हणजे क्वारंटाइनच सांगताय.

रीफवाला_पिंपरी :
देखरेख सांगतोय. दोन आठवडे. चार नाही.

किनारा_ठाणे :
चार. आणि डब्याला बाहेरून काळा कागद लावा, मासा लवकर खायला लागतो. पहिले दिवस गोठवलेला ब्राइन श्रिंप द्या, कोरडे पेलेट नंतर.

नवखा_डोंबिवली :
डबा शनिवारी आणतो. मासा तीन सेंटिमीटरचा बघून ठेवलाय, माझी मादी सातेकची आहे. चालेल ना, ताई?

रत्नागिरीची_मासेवाली :
चालेल. पैसे देण्याआधी दुकानदाराला तुमच्यासमोर खायला घालायला सांगा. खाल्लं नाही तर तिथेच सोडून या.