सर्जेराव : नाव, किताब की बैल?

कागलवेस : बायजाबाई शिंद्यांवरच्या एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करतोय. त्यांचे वडील सर्जेराव घाटगे. तळटीपेत म्हटलंय की यांची आणि कागलच्या इतर सर्जेरावांची गल्लत करू नये. तिथं शब्द आहे 'नेमसेक'. मी 'नामबंधू' लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी खोडून 'सनामधारी' केलं. मी तरी हा शब्द जन्मात ऐकलेला नाही. तुम्ही काय लिहाल?

शाहूपुरी दुसरी गल्ली : सनामधारी म्हणजे कपाळाला नाम ओढलेला कुणीतरी वाटतोय. 'त्याच नावाचे दुसरे' लिहा आणि मोकळे व्हा की.

मुठेकाठ : संस्कृतात 'सनामन्' आहे, त्यामुळे बाई अगदीच चुकल्या नाहीत. आणि नामबंधू म्हणाल तर बाईमाणसाला काय, नामभगिनी?

निपाणीची लेक : आमच्यात ह्याला शब्द नाही, पण रीत आहे. धाकट्या दिरांना आजेसासऱ्यांचंच नाव ठेवलं, सर्जेराव. सासूबाईंनी त्यांना आयुष्यात कधी नावानं हाक मारली नाही. 'आबा'च म्हणायच्या. चुलीवरचं दूध पोरानं लवंडलं तरी "आबा, काय केलासा हे!" एवढंच. मामंजींच्या नावानं शिव्या कशा घालणार? शाळेत मास्तरांनी 'सर्जेराव' म्हणून हजेरी घेतली तर दीर उठलेच नाहीत. आपलं नाव त्यांना माहीतच नव्हतं!

मुठेकाठ : नाव सुंदर आहे. मूळ 'सृज्' धातू. सर्जनशील तसा सर्जेराव.

जुना राजाराम : अहो, काहीही काय! फारसीत शर्झा म्हणजे खवळलेला. शेर-ए-शर्झा म्हणजे चवताळलेला सिंह. विजापूरला मुलूखमैदान तोफ बघायला आपण सगळेच गेलोय, ती ज्या बुरुजावर आहे त्याचं नाव शर्झा बुरूज. भिंतीवर सिंहाची तोंडं कोरलीत. आदिलशाहीत शर्झाखान नावाचा सरदारही होता. कवी भूषण महाराजांना 'सरजा सिवाजी' म्हणतो, तो काय 'क्रिएटिव्ह शिवाजी' म्हणून? आणि कागलकर घाटग्यांच्या किताबात सर्जेरावाला लागूनच 'वजारत म-आब' हे फारसी बिरुद येतं. तेही सृज् वरूनच आलं का?

मुठेकाठ : बरं, फारसी तर फारसी. पण तुमच्या त्या सर्जेरावांनी १७९८ साली जावई दौलतराव शिंद्यांचे दिवाण होऊन पुण्यातल्या सावकारांकडून जी वसुली केली, ती पुणं अजून विसरलेलं नाही.

जुना राजाराम : त्याचं खापर सखारामावर फोडा. त्यांचं नाव सखाराम, सर्जेराव हा किताब. मुलाचंही तसंच. नाव जयसिंगराव, पण दिल्लीत टेकडीवरचा वाडा घेतला आणि तिथल्या दवाखान्याला लोक आजही 'हिंदुराव' म्हणतात. किताब आधी, मग तोच घरोघरी पाळण्यात. आमच्या वर्गात तीन सर्जेराव होते. गोरा, काळा आणि डबलहाडी.

शाहूपुरी दुसरी गल्ली : आणि गावरान सिनेमातला मिशीवाला पाटील विसरला काय? आमच्या आत्तीला कुठलाबी पाटील दिसला की ती "आला सर्जेराव" म्हणणार, पडद्यावर नाव काहीबी असू दे. बाकी आमच्यात सर्जा म्हणजे बैल. बेंदराला शिंगं रंगवायची, झूल घालायची, सर्जा-राजा मिरवायचे. जोडीतला एक विकला की नव्यालाबी तेच नाव. चार वर्षांत आमच्या दावणीला तीन सर्जे झाले.

निपाणीची लेक : म्हणजे किताबच म्हणा की, गादीवर बसेल त्याला! सर्जाची नथ पण असते बरं का. ती कुठल्या सिंहाची?

मुठेकाठ : ती नक्कीच संस्कृतातली असणार.

जुना राजाराम : असणार म्हणजे काय? पुरावा द्या.

शाहूपुरी दुसरी गल्ली : एकाच नावाची एवढी माणसं, वर बैल, वर नथ. तळटीपेत बैलालाबी घ्या, न्हाईतर रुसंल.

कागलवेस : मंडळी, उद्या दुपारी मजकूर द्यायचाय. नेमसेकचं काय करू? सध्या 'त्याच नावाचे दुसरे' ठेवतोय.

मुठेकाठ : 'दुसरे' नको. 'अन्य' लिहा.