हस्तलिखित घेऊन एजंटसमोर बसताना : इंदूरकरांचे अनुभव

मराठी पुस्तकांच्या व्यवहारात साहित्य-एजंट, म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी बोलणी करणारे मध्यस्थ, जवळजवळ नाहीतच; आपला लेखक थेट प्रकाशकाचे दार ठोठावतो. जे इंग्रजीत लिहितात, किंवा ज्यांना मराठी पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद व्हावा असे वाटते, त्यांना मात्र एजंट गाठावा लागतो, आणि तो बहुधा दिल्लीच्या विश्व पुस्तक मेळ्यात किंवा जयपूर साहित्य महोत्सवाला जोडून भरणाऱ्या ‘जयपूर बुकमार्क’मध्ये भेटतो. इंदूरहून जाऊन अशा भेटी घेतलेल्यांनी तिथे काय बोलणे झाले ते लिहावे. समोरच्याचे नाव देऊ नये.

निवृत्त अध्यापिका, लोकमान्य नगर
माझी इंग्रजी कादंबरी गिरणी कामगाराच्या कुटुंबावर आहे. जयपूरला भेट जेमतेम दहा मिनिटांची होती. कथानक सांगायला सुरुवात करण्याआधीच शब्दसंख्या किती, लेखन पूर्ण झाले आहे का आणि अलीकडच्या कोणत्या पुस्तकांशेजारी हे ठेवता येईल, असे तीन प्रश्न आले. चौथा प्रश्न खरा होता : इंदूरच्या गिरणीविषयी दिल्लीच्या वाचकाने का वाचावे? मी सांगितले की, हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली आणि तिच्या कामगारांच्या थकबाकीचा २२४ कोटींचा धनादेश डिसेंबर २०२३ मध्ये निघाला. या मधल्या बत्तीस वर्षांत एका घराचे काय होते, ते मी लिहिले आहे. तोवर घड्याळाकडे पाहणाऱ्या एजंट बाईंनी वही उघडली. छापील प्रत घेतली नाही. सारांश आणि पहिली तीन प्रकरणे ई-मेलने मागवली. पुढे नकार आला, पण दुसरे प्रकरण कुठे रेंगाळते हे त्यात नेमके लिहिले होते. एवढे वाचून नकार देणारी माणसे कमी, असे माझे मत आहे.

कथालेखक, तिलक नगर
पुण्याच्या प्रकाशकाला भेटलो. साहित्य सभेत कथा वाचून दाद मिळवण्याची आपल्याला सवय असते. तिथे मात्र कथेविषयी एक शब्द न विचारता, ‘तुम्ही स्वतः किती प्रती घ्याल?’ असे विचारण्यात आले. चहा उत्तम होता.

वकील, साकेत
भेटीच्या उत्साहात पैशांचा विषय मागे पडतो, म्हणून लिहितो. एजंटचे कमिशन लेखकाच्या मिळकतीतून, साधारणपणे १५ टक्क्यांच्या आसपास जाते; हस्तलिखित वाचण्यासाठी आधीच शुल्क मागितले गेले, तर तिथूनच उठावे. मला एका महोत्सवात असे शुल्क मागितले गेले आणि मी नमस्कार करून निघालो. करार पुढे आल्यास मुदत आणि प्रदेश लेखी असावेत : कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्कांच्या हस्तांतरणाची मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. यावर विसंबून कलमे कोरी सोडू नयेत.

अनुवादिका, सुदामा नगर
मला पहिलाच प्रश्न आला तो अनुवादाच्या हक्कांचा. मूळ लेखकाचे संमतिपत्र पिशवीत होते, म्हणून बोलणे पुढे सरकले. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ सुरेख अनुवाद घेऊन आले होते, पण हक्क कोणाकडे आहेत हे त्यांना सांगता येईना. तरी समक्ष भेटीला मी फार महत्त्व देणार नाही. माझी नमुना प्रकरणेही शेवटी ई-मेलनेच गेली आणि तिथे इतरांच्याच रांगेत लागली.